उडता ढिवर इस्तारी याचे मृत्युपत्र

मी, इस्तारी वल्द दादाजी भानारकर, जात ढिवर, धंदा पूर्वी मासेमारी, राहणार मौजा सिंदेवाही, जिल्हा चांदा, हल्ली मुक्काम मूल येथील झेप छाप बिडी कारखान्याची मागची खोली, लिहून ठेवतो की कमरेखाली माझे अंग मेले आहे, पण डोके शाबूत आहे. मला कोणी भरीला घातलेले नाही. मी सांगतो तसे शालिकराम मास्तर लिहीत आहेत.

१. सिंदेवाहीचे घर व भांडीकुंडी माझी बायको कमळा हिला. तिने पुढे दुसऱ्याशी पाट लावला तरी घर तिचेच राहील. हे ऐकून ती म्हणाली, "मले आतापासूनच परकी काऊन करता?" परकी करत नाही. तिचे वय मला दिसते, म्हणून लिहिले.

२. डोंगा व सगळी जाळी धाकटा भाऊ मुखरू याला. अट एकच, त्याने विमानात पाय ठेवू नये.

अटीचे कारण असे. कारखान्याचे मालक गुणवंतराव शेट यांनी जाहिरातीसाठी दुहेरी पंखांचे विमान आणले. चिमूरच्या बाजारावर मी पंखावर उभा राहून बिडीचे कट्टे फेकले, तेव्हा कमरेला दोर होता. पुढच्या खेपेला शेट म्हणाले, दोर खालून दिसतो. दोर सोडला. मग चाकाला लोंबकळलो. लोकांना दर वेळी नवे पाहिजे आणि 'उडता ढिवर' अशी पोस्टरे मला विचारण्याआधीच भिंतीवर लागलेली असत. शेवटी मूलच्या तळ्यात विमानातून उडी ठरली. विमान फार वेगात आले. पाणी मला दगडासारखे लागले. मी पालथा तरंगत होतो आणि काठावर टाळ्या चालल्या होत्या. लोकांना तोही खेळच वाटला. मुखरूने डोंगा घालून मला उताणा केला म्हणून श्वास राहिला.

३. वैमानिक साहेबांवर माझा राग नाही. ते मला पाहायला आले आणि उंबऱ्यातच रडत उभे राहिले. त्यांचा चामडी टोप माझ्याकडे आहे, तो त्यांना परत द्यावा.

४. गुणवंतराव शेटना काही देणे नाही. त्यांनी मला इथे ठेवले, डॉक्टर लावला. जत्रेत माझी खाट तंबूत मांडून 'मरणाला हरवणारा' म्हणून बिड्याही विकल्या. मी घरी सोडा म्हटले की म्हणतात, तिथे औषध कोण देईल? या खिडकीतून पत्र्याची भिंत तेवढी दिसते. आता तीच उडी संक्रांतीला मुखरूने मारायची आहे, नाही तर डॉक्टर बंद. मी मुखरूला जवळ बसवून विचारले.

"दादा, तुह्यासाठीच तर करून राह्यलो."

"मायासाठी नोको करू."

"मंग तुले मरू देऊ का?"

तो माझ्या जिवापायी अडकला आणि मी त्याच्या मायेत. म्हणून ठरवले, आज संक्रांतीलाच मी घरी जातो. डॉक्टर म्हणतात, पाठीच्या जखमा सांभाळल्या नाहीत तर पावसाळा दिसणार नाही. हे समजूनच जात आहे. माझ्या मरणाचा बोल मुखरूला वा कमळेला कोणी लावू नये.

५. बिडीच्या कट्ट्यावरचे माझे चित्र काढावे. माझ्या मातीला विमानातून फुले टाकू नयेत. विमान आलेच, तर ते निघून जाईपर्यंत मला घराबाहेर काढू नये.

लिहिणाराचा शेरा: वरील मजकूर इस्तारीला वाचून दाखवला, तेव्हा मुखरू दारात उभा होता. तो बाहेर गेला, बैलबंडी जुंपून आणली आणि भावाला उचलून बंडीतल्या तणसावर निजवले. फाटकापाशी कारखान्याचे दिवाणजी आडवे आले. म्हणाले, "विमान सुरू झालं, तळ्यावर लोक जमले. तू कुठी चालला?"

मुखरू म्हणाला, "दादाले घरी नेऊन राह्यलो. बाजूले व्हा."

दिवाणजी हलले नाहीत. मग कमळाबाईंनी स्वतः फाटक उघडले.

निशाणी डावा अंगठा: इस्तारी वल्द दादाजी भानारकर

साक्षीदार: पत्रू शेंडे (सही), नथ्थू मेश्राम (अंगठा)

लिहिणार: शालिकराम मास्तर

ठिकाण: मूल, कारखान्याच्या फाटकाबाहेर, बंडीत
तारीख: १४ जानेवारी १९५७