जिभेचा नकाशा

आई,

सध्या मी फोनवर नको नको ते वाचत बसते. लोक खरं धरून चालतात पण खोटं असतं, अशा गोष्टींची एक लांबलचक यादी सापडली. वटवाघूळ आंधळं नसतं. बैल लाल रंगाने नाही, कापडाच्या हलण्याने चिडतो. पेपर तपासावे तशा ऐटीत वाचत होते, आणि पुढच्याच ओळीत मी नापास. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू कळतं, हे साफ खोटं आहे. सगळ्या चवी जीभभर कळतात. कॉन्व्हेंटात सिस्टरनी रंगीत खडूंनी काढून दाखवलेला तो जिभेचा नकाशा मी कोंढ्याच्या शाळेत नोकरीभर फळ्यावर काढला. तो पुस्तकात छापणाऱ्यांपैकी एकालाही साखरेचा दाणा जिभेच्या मागे ठेवून बघावंसं वाटलं नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. पवनीच्या घरी तू मागावर बसली आहेस. ताण्यातला धागा तुटतो, तू त्याची टोकं जिभेवर ओली करतेस, बोटांत पिळून सांधतेस. शेठ काठासाठी लाल सुताच्या लड्या घेऊन आला होता. तू त्यातला एक धागा जिभेला लावलास आणि थुंकलीस.

"रंग नीट धुतलाच नाही रंगाऱ्यानं. टोकाले कडू लागून राहिलं. अजून दोन पाणी पायजे."

शेठला लग्नाची साडी घाईने हवी होती. मला मात्र त्याच्यासमोर तुझ्या चाटण्या-थुंकण्याची लाज वाटली. मी म्हणाले, "आई, टोकाला कडू कळतच नाही. पुस्तकात आहे तसं."

शेठ हसला. "ऐका काकू, मास्तरीणबाई सांगून राहिल्या."

तू माझ्याकडे पाहिलंस. "तू शिकलेली हायेस बाई. तुले असंन माहीत."

साडी त्याच सुताने विणली गेली आणि पहिल्याच धुण्यात काठाचा लाल तिच्या पांढऱ्या अंगावर उतरला. शेठ आला तो दारातूनच बोलला, "हात गेला तुमचा आता काकू. सूत बी पारखता येत नाही." तू आधीच सांगितलं होतंस, हे तो सोयीने विसरला आणि मी त्याला विसरू दिलं. हेडमास्तरांना गप्प बसवणारी मी, त्या दिवशी पदर नीट करत उभी राहिले. तू माझं नाव काढलं नाहीस. "चुकलं असंन, शेठ," एवढंच म्हणालीस. त्याने पुन्हा सूत दिलं नाही. चार दिवस तू रिकामा माग पुसत राहिलीस, मग त्यावर चादर टाकलीस. ती मी तुझ्या तेराव्यानंतर काढली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तू अंदाजाने बोललीस आणि मी विज्ञानाने. आता तेही राहिलं नाही. पुस्तक काढणाऱ्यांना झाडायला म्हणून कागद घेतला, तर वर 'आई' लिहून बसले. याला पत्ता नाही ते बरंच आहे, कारण सगळं पुस्तकावर ढकलणं हेही खोटंच.

त्या पहिल्या दिवशी, सूत देऊन शेठ गेल्यावर तू पाणी प्यायला आत गेलीस. तेवढ्यात मी लडीतला एक धागा जिभेच्या टोकाला लावून पाहिला होता. कडू होता. तू बाहेर आलीस तेव्हा मी तोंड पुसून म्हणाले, "बस मागावर, उशीर होतो आहे."