न धुतलेला किनवा

२ जून
आज निश्चय. आवाजातली खरखर कायमची घालवायची.
डॉक्टर म्हणाले, घशात काही नाही, पोटातलं आम्ल वर येतंय. आहार बदला, पण हळूहळू. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणं हा माझा धंदा. घसा हे दुकान. गळती तळघरात निघाली.
वीस तारखेला चाचणी. चार पिढ्यांची जाडजूड कादंबरी. मिळाली तर वर्षभर साहित्य वाचायचं. नाही मिळाली तर पुन्हा मिक्सर वापरण्याच्या सूचना. प्रतिस्पर्धी एकच. तो नाकातून वाचतो. चिंता नाही.

३ जून
लेख वाचला. किनवा, राजगिरा ही धान्यं नव्हेत, धान्यासारख्या बिया. त्यांच्या चोथ्यावर आतड्यातले चांगले जिवाणू पोसले जाऊ शकतात. ‘शकतात’ हा लेखकाचा भित्रेपणा. मनातल्या मनात गाळला.
गोणीभर किनवा आणला. बायको म्हणाली, अहो, आधी पावशेर आणून बघायचा. कुणाचं लग्न काढलंय?

४ जून
किनव्यात पाणी घातलं. वर पांढराशुभ्र फेस. भरून आलं. जिवाणू! किती उत्साही.
बायको म्हणाली, साबणासारखा फेस आहे, चार पाण्यांनी धुवा. तांदूळ धुतो, डाळ धुतो, मग याचेच एवढे लाड का? मी समजावलं, जे चांगलं तेच वाहून जाईल. ती म्हणाली, बरं. तिचं ‘बरं’ मला कधीच आवडलेलं नाही.
तिने आपला आणि लेकीचा वाटा धुऊन घेतला. जेमतेम मूठभर. अज्ञान.
चव कडू. औषध कडूच असतं.

७ जून
हळूहळू हा सल्ला सामान्य पोटांसाठी. मी सकाळी वाडगा, दुपारी वाडगा, रात्री पातेलं.
आत हालचाल. वस्ती वाढतेय.

१० जून, दुपार
स्टुडिओ. ध्वनिमुद्रकाला आम्ही कानसेन म्हणतो. त्याला शेजारच्या इमारतीतला डास ऐकू येतो.
प्रेमप्रसंग वाचत होतो. ‘ती काहीच बोलली नाही’ या वाक्यावर कानसेनने थांबवलं. म्हणाला, काका, बोलली ती.
मी म्हटलं, खुर्ची कुरकुरते. त्याने खुर्ची बदलली. नवीही तसलीच निघाली.

१३ जून
लेक म्हणते, बाबा, रात्रभर कुणीतरी कपाट सरकवतं. तिला जिवाणूंचं कार्य समजावलं. ती म्हणाली, माझ्या पोटातले तर गपगुमान जेवतात.
बायकोचं रोजचं चूर्ण सुटलं. पोट आपोआप सुधारलं म्हणे. माझ्या संगतीचा परिणाम.

१६ जून
सकाळ संडासात गेली. दुपारही. शुद्धीकरण चालू आहे. नवे भाडेकरू यायचे तर जुने बाहेर पडणारच.
बायको दार ठोठावून म्हणाली, अहो, नवेही चाललेत की काय ते बघा.

१९ जून
बायको म्हणाली, उद्या चाचणी, आज नुसता मऊ भात खा. आणि ते राहू दे बाजूला.
ऐन लढाईत सैन्याची रसद तोडायची? दोन पातेली खाल्ली.

२० जून, संध्याकाळ
चाचणी झाली. पणजोबांच्या मृत्यूचा प्रसंग. ‘खोलीत भयाण शांतता पसरली.’ लेखकाला माझी कल्पना नसावी.
तरी परिणाम साधला. काचेपलीकडे स्टुडिओच्या मालकीणबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. खांदे हलत होते. एवढं रडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.
कानसेनने थांबवलं नाही. वाचन संपल्यावर आत आला, माइक खाली घेतला, पोटापाशी. म्हणाला, काका, आता बोलू नका. नुसते बसा.
बराच वेळ नुसता बसलो. नवं तंत्र असावं. श्वासाचं वगैरे.
घरी सांगितलं, काम आपलंच. बायको म्हणाली, बरं.

२२ जून
मालकीणबाईंचा फोन. कादंबरी नाकातून वाचणाऱ्याला दिली. मी म्हटलं, अहो, तो नाकातून वाचतो. त्या म्हणाल्या, हो, पण एकाच ठिकाणाहून वाचतो.
मीही कादंबरीत आहे. तिसऱ्या पिढीत धरण फुटतं, तिथे. कानसेन म्हणतो, इतकं अस्सल धरण त्याने आजवर ऐकलं नव्हतं. नाव येईल का विचारलं. येणार नाही. धरणांची नावं देत नाहीत.
खरखर आहेच. गोणीही अर्धी आहे.
संध्याकाळी नव्या मिक्सरच्या सूचना आल्या. घरीच मोठ्याने सराव केला. पहिली ओळ: वापरण्यापूर्वी सर्व भाग स्वच्छ धुऊन घ्यावेत.
स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, परत वाचा. ऐकायला बरं वाटतं.