तिट्ट्यावर तू थांबला होतास

प्रिय प्रसेन,

तू अजून झोपलायस, तोंडावर टॉवेल टाकून. सव्वापाच झालेत. लॉजच्या खाली स्टँडवर ड्रायव्हर-कंडक्टरांचा चहा चाललाय, त्यांचं बोलणं वर ऐकू येतंय. कागद कुठं मिळाला नाही म्हणून तुझ्याच रूट-शीटच्या पाठीवर लिहितेय. पलीकडं तुझा कालचा दिवस छापलेला हाय. वारणानगर साडेपाच, शाहूपुरी सव्वासात, मुदाळ तिट्टा सव्वादहा, गारगोटी साडेअकरा. मी पोचले साडेबाराला. तू संध्याकाळी सहाला.

काल जेवताना तू एवढंच बोललास की सकाळी ठरव, पुढं जायचं का परत. परत जायचं असलं तर सायकल एसटीच्या टपावर चढवून देतो म्हणालास. सायकलवरनं चाळीस दिवसांची कन्याकुमारी, आणि बायको पहिल्याच मुक्कामावरनं माघारी, कॉलनी हसंल, तर हसू दे, असंपण म्हणालास. मी ताट सरकवून आडवी झाले. राग नव्हता रे. आईंनी दिलेली भाकरी चावायचीसुद्धा ताकद उरली नव्हती. मांड्या अजून थरथरतायत, पेन धरायचं तर तळहात सुजलेत.

कोल्हापुरात, शाहूपुरीत ब्रेकची केबल बदलताना मी त्या दुकानदारासमोरच तुला बोलले, ते चुकलंच. पण जे बोलले ते तीन वर्षांचं साठलेलं होतं. पन्हाळा असो, जोतिबा असो, आपण दोघं फिरायला जातो म्हणजे तू जातोस आणि मी तुझ्या मागच्या लाल दिव्याकडं बघत येते. तुझी पाठ मला इतकी पाठ झालीय की घामाचा डाग कुठनं सुरू होतो तेपण सांगीन. चढाच्या वर तू थांबतोस, मी धापा टाकत पोचले की म्हणतोस, चला. तुझी विश्रांती झालेली असते, माझी सुरू व्हायची असते. म्हणून म्हटलं, निदान फाटा आला की तरी थांबत जा. तू मान हलवलीस. माझा विश्वास बसला नाही. तुझा फोन माझ्या पुढच्या पिशवीत पॉवर बँकेला लावलेला होता, तो तसाच ठेवून तू निघालास.

तीन रस्ते फुटतात त्या मुदाळच्या तिट्ट्यावर मी पोचले तेव्हा ऊन डोक्यात गेलं होतं. समोरनं वारं, मागनं उसाचे ट्रॅक्टर. डावीकडं ती हिरव्या जाळीची रसवंती मला दिसली होती, प्रसेन. मी तिच्याकडं एकदासुद्धा नीट बघितलं नाही. तू थांबणार नाहीस हे मला इतकं पक्कं माहीत होतं की शोधायची गरजच वाटली नाही. दात-ओठ खाऊन तशीच गारगोटीकडं वळले, तुला गाठायला.

आणि तू जाळीच्या आत माझ्यासाठी बिनबर्फाचा रस सांगून बसला होतास. तोंडावर पाणी मारायला मागच्या नळावर गेलास तेवढ्यातच मी गेले असणार. दीड तास बसलास. फोन करायला रसवंतीवाल्याचा मोबाईल मागितलास आणि तुला माझा नंबर आठवेना. तो म्हणाला म्हणे, बायकोचा नंबर पाठ न्हाय आन कन्याकुमारीचा रस्ता पाठ हाय व्हय पावणं. मग मला काही झालं असेल म्हणून उलटा फिरलास, पार कोल्हापूरजवळच्या कळंब्यापर्यंत, प्रत्येक टपरीवर विचारत. हे सगळं तू काल बूट काढताना सांगितलंस, तक्रार म्हणून नाही. वर म्हणालास, तू म्हणालीस ना थांबत जा, म्हणून थांबलो.

आता मी जे सांगितलं नाही ते. मी स्टँडवर बसून तुला फोन लावला तर तो माझ्याच पिशवीत वाजला. शेजारी शेंगा विकणाऱ्या विठाबाई होत्या, त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, पुढं गेला म्हणतीस, हितं तर कुणी बघिटला न्हाय, मग गडी मागंच असंल की, मागं बघिटलंस का पोरी. मी हो म्हणाले. खोटं बोलले. आणि तीनच्या कोल्हापूर गाडीवर सायकल चढवली. टपावर, बॅगांसकट, दोरीनं बांधून. घरी जाऊन झोपायचं, एवढंच डोक्यात होतं. परत कधी तुझ्या मागं यायचं नाही, हेपण होतं.

गाडी सुटायच्या आधी मी सायकल उतरवली. कंडक्टर बोलला, टप म्हंजे काय जत्रेतला पाळणा हाय का बाई. तुझी दया आली म्हणून नाही उतरवली, तू तेव्हा कुठं होतास हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. तिट्ट्यानंतरचे शेवटचे आठ-नऊ किलोमीटर आठवले म्हणून उतरवली. तुला गाठायची धडपड मी मध्येच सोडली होती. समोर कुणाची पाठ नव्हती. वेदगंगा दिसली, तर थांबले आणि पाय पाण्यात घातले. मनाला येईल तेव्हा परत निघाले. दमलेली होतेच, पण ते माझं स्वतःचं दमणं होतं. तीन वर्षांत मला वाटत होतं की मला सायकलच आवडत नाही. तसं नाहीय.

उठल्यावर खाली माझी सायकल दिसणार नाही आणि तू थेट स्टँडवर कोल्हापूरच्या गाड्या बघायला पळशील, म्हणून हे लिहिलंय. मी परत गेलेली नाही. पुढं गेलेय, आजऱ्याकडं, आजची रूट-शीट घेऊन. तुझा फोन चार्ज करून उशाला ठेवलाय, माझा नंबर त्यात हाय, निघायच्या आधी पाठ कर. गुडघ्याला तेल लाव आणि घाई करू नकोस, काल माझ्यामुळं तुला दुप्पट पडलंय. आजऱ्याच्या अलीकडं शेवटच्या फाट्यावर मी बसलेली असेन. आडोशाला नाही, रस्त्यावर दिसेल अशी. दुपार होऊ दे, संध्याकाळ होऊ दे. तू आल्यावर लगेच चला म्हणणार नाही. फक्त बघत ये.

तुझीच, आज जरा पुढं असलेली,
श्रुती