तोंडाकडे बघून ऐकणारी माणसं

आप्पा, माझं डोकं ठिकाणावर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेले चार महिने मला तीच एक काळजी होती. तुम्ही म्हणाल, हा पहिल्यापासूनच घाबरट. खरं आहे. शाळा सातवीत सुटली, पण पेपर मी पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतो, आणि आरोग्याचं पान असलं की दोनदा. तुमची सून, म्हणजे माझी बायको, आल्यागेल्याला सांगते, "सकाळी पेपरात आलेला रोग दुपारपर्यंत ह्यांच्या अंगात येतोय." मिठाची बातमी आली की मी चटणीला हात लावत नाही, चहाची आली की कप सरकवून ठेवतो, आणि आठ दिवसांनी चहा चांगला असं छापून आलं की दोन दिवस जास्तीचा पितो.

पाण्याच्या टाकीजवळ आमचा कट्टा आहे. सगळे कापडाच्या मागावर जन्म काढलेले, आता घरी बसलेले. दोन बाकडी समोरासमोर ओढून आम्ही बसतो. पेपर मी वाचतो आणि बाकीचे निकाल देतात. शेजारच्या मागावर माझ्याबरोबर तीस वर्षं काढलेला जोडीदार त्यात सगळ्यांत पुढे. "मागल्या वर्षी अंडी वाईट हुती, यंदा चांगली झाली. अंडी तीच, कोंबडी तीच. ह्यांचं काय चाललंय?" असं तो म्हणतो आणि सगळे हसतात. शेंगदाण्यावर एकदा काहीतरी आलं होतं, तर म्हणाला, "शेंगाची चटणी बंद केली तर सोलापुरात माणूस राहील व्हय?" कोणी मोबाईलवर आलेले उपाय दाखवतं, कोणी म्हणतं सगळं औषधवाल्यांचं कारस्थान आहे. मी त्यांच्याबरोबर हसतो, आणि घरी येऊन गुपचूप ती बातमी कापून ठेवतो.

अशीच एके दिवशी बातमी आली, की ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यात म्हातारपणी विसरभोळेपणाचा आजार जास्त दिसतो, असं परदेशातल्या संशोधकांचं म्हणणं आहे. मी वाचून दाखवली. जोडीदार मोठ्यानं म्हणाला, "आरं, मागाच्या खटखटीनं अर्धं गाव भैरं हाय की! म्हंजी सगळं सोलापूर येडं व्हणार?" हशा झाला. मी मात्र ती बातमी मनातल्या मनात परत वाचली. कारण घरात माझ्या चुका व्हायला लागल्या होत्या. मुलगा मोरीतून ओरडून सांगे, गॅसवाला येणार आहे, घराला कुलूप लावू नका. मी कुलूप लावून कट्ट्यावर. नातू परीक्षेचं सांगे आणि मी म्हणे, जेवलो बाबा. मुलाचं आणि त्याच्या आईचं माझ्यामागे काहीतरी बोलणं चालायचं, आणि मी वळलो की थांबायचं. तसं थांबणं मला ओळखीचं होतं. तुम्ही वळलात की आम्हीही तसंच थांबत होतो.

तेवढ्यात आमच्या भागात कान तपासायचं शिबिर आलं. समोर खुर्चीवर एक मुलगी बसली, म्हणाली, मी शब्द सांगते, तुम्ही परत म्हणा. आंबा, पाट, दिवा, असले शब्द. मी एकही चुकलो नाही. ती हसून म्हणाली, "आजोबा, कान ठणठणीत आहेत तुमचे. जा बिनघोर." बिनघोर कसला जातोय. कान चांगले, तर मग घरातल्या चुका कशाच्या? एकच जागा उरत होती. त्या दिवसापासून मी माझं डोकं तपासायला लागलो. सकाळी उठल्याबरोबर एकोणतीसचा पाढा. काल काय जेवलो ते वहीत लिहायचं आणि आज न बघता आठवायचं. पाढा अडकला की घाम फुटायचा. कट्ट्यावर जाणं बंद केलं. चूक व्हायला नको म्हणून घरात बोलणंच कमी केलं, आणि त्यानं तर माझं डोकं गेलं अशी सगळ्यांची खात्रीच पटली.

सुटका केली ती माझ्या सुनेनं. ती घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. कापड जुळवताना चार-पाच टाचण्या ओठांत धरायची तिला सवय आहे, आणि तशाच दातांतून ती बोलते. एक दिवस मला तिनं काहीतरी विचारलं आणि मी नुसता बघत राहिलो. तिनं टाचण्या काढून हातात घेतल्या, परत विचारलं, मी लगेच उत्तर दिलं. तिनं टाचण्या परत ओठांत घातल्या, आणखी काहीतरी विचारलं. मी गप्प. मग ती उठली, माझ्या मागं जाऊन उभी राहिली. काही वेळानं पुढं आली तेव्हा तिचा चेहरा कसातरीच झाला होता. "मामा," ती म्हणाली, "म्या मागनं तीन येळा हाक मारली. तुमी कानानं ऐकतच न्हाय. डोळ्यानं ऐकताय."

तिनंच मला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर डबे लावतात आणि तपासणारी बाई पाठमोरी बसते. मी वाट बघत बसलो, ही कधी सुरू करणार. दार उघडून ती बाई म्हणाली, "बाबा, मी निम्मी तपासणी केली. तुम्ही हात का वर केला नाहीत?" मी म्हणालो, तुम्ही काही वाजवलंच नाही. तिनं सुनेकडे बघितलं, मग मला विचारलं, काम काय करत होता. माग, म्हणालो. "मग बरोबर. मागवाल्यांना समोर बसवून तपासायचंच नसतं. ते तोंड वाचून पहिला नंबर काढतात." शिबिरातल्या पोरीचा दोष नाही, आप्पा. ती परगावची होती, तिला काय माहीत आपण कसे बोलतो. आणि मला तरी कुठं माहीत होतं, की मी ऐकत नाही, बघतोय?

ती विद्या तुमचीच. मी पहिल्यांदा कारखान्यात आलो तो दिवस मला आजही दिसतो. चाळीस माग एकदम चाललेत, धाग्याचे धोटे इकडून तिकडं आपटतायत, आणि मी घाबरून "आप्पाऽ" असं ओरडतोय. तुम्ही येता आणि माझ्या तोंडावर हात ठेवता. हात काढून स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवता, सावकाश, आवाज न करता म्हणता, ओरडू नको, तोंड नीट हलव. महिन्याभरात मी चार माग पलीकडच्या माणसाशी गप्पा मारायला शिकलो. आपण दोघं तर जेवणाच्या सुट्टीतसुद्धा, बाहेर शांत असताना, आवाजाशिवायच बोलायचो. लोक हसायचे. सगळ्या कारखान्यात कोणाचे कान गेलेत हे कुणालाच कळत नव्हतं, कारण कुणाचंच काही अडत नव्हतं.

मग डॉक्टरबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, डोळ्यांत मोतीबिंदूही उतरायला लागलाय, म्हणून ओठ नीट दिसेनात, म्हणून यंदा चुका वाढल्या. डोक्याचं मी विचारलंच. पेपरचं कात्रण खिशात होतं, ते पुढं केलं. त्यांनी ते नीट वाचलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, कमी ऐकणारा प्रत्येक जण विसरायला लागतो असं यात कुठंच लिहिलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकत्र जास्त दिसतात एवढंच. ऐकायचं मशीन लावल्यानं काही जणांना उपयोग होतो असं वाटतं, पक्कं काय ते अजून शोधतायत. माझ्या डोक्याचीही त्यांनी साधी तपासणी करून घेतली. तारीख, वार, उलटे आकडे. तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय, म्हणाल्या. सून तिथंच रडायला लागली. मी मात्र बाहेर येऊन बाकावर बसलो आणि तुमच्याच विचारात पडलो.

आप्पा, तुमचे डोळे अधू झाले त्याच वर्षी तुम्ही भलतीच उत्तरं द्यायला लागलात. कोणी गेल्याचं सांगितलं तर हसायचात. मग दाराजवळ बसायला लागलात, आणि जो येईल त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे वळवायचात. पाहुण्यांची, शेजाऱ्यांची, माझीसुद्धा. आम्ही म्हणालो, लहान मूल झालंय यांचं. मी तुमचा हात झटकायचो. मोतीबिंदूचं फुकट शिबिर आलं तेव्हा नाव घालायला आलेल्या माणसाला मीच सांगितलं, त्यांचं डोकंच ठिकाणावर नाही, डोळे करून काय उपयोग. हे वाक्य मी दाराशी उभा राहून, तुमच्याकडे तोंड करून बोललो होतो. तुम्ही माझ्याकडे बघत होता. तेवढं तुम्हाला दिसलं नसावं, अशी माझी आशा आहे. तुमचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं की नव्हतं, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. पण मी विचारायलाच हवं होतं. तुमच्या हातावर बोटानं अक्षरं काढून तरी.

डॉक्टरबाई म्हणाल्या त्यातलं 'अजून शोधतायत' हे माझ्या मनात फार बसलं. कट्ट्यावर आम्ही त्यालाच हसत होतो, की आज एक सांगतात, उद्या दुसरं. पण कुठल्यातरी लांबच्या गावात कोणीतरी म्हातारी माणसं समोर बसवून, त्यांचे कान तपासून, त्यांना वर्षानुवर्षं प्रश्न विचारत बसलंय. आपल्यासारख्यांच्या कानांचा कोणीतरी विचार करतंय. चुकतात, पुसतात, परत मांडतात. माग चालवताना धागा तुटला की आपण माग थांबवून जोडायचोच ना. त्यासाठी कोणी आपल्याला खोटारडे म्हटलं नाही.

मशीन कानात घालून मी कट्ट्यावर गेलो. जोडीदार म्हणाला, "आला बघा रेडिओ." मी सगळं सांगितलं. कोणाला पटेना. मग मी त्याला माझ्याकडे पाठ करून बसवला आणि मागून त्याला, त्याच्या बापाला, सासऱ्याला असल्या शिव्या दिल्या की समोरचे पोट धरून हसायला लागले. तो त्यांच्याकडे बघून विचारतोय, "काय झालं? सुरू कर की!" त्याला सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. नंतर एकेकाला पाठमोरं बसवून बघितलं. सहातले चार नापास. पुढच्या आठवड्यात चौघंही दवाखान्यात जातायत, आणि पहिल्याच दारात सांगायचं ठरलंय, आमाला समोर बसवू नका. पहिल्यांदाच कट्ट्यावर एखादी बातमी हसून संपली नाही. माझं डोळ्याचं ऑपरेशन त्याच्याही आधी आहे. भीती वाटतेय, पण जाणार.

हे पत्र टाकायचं कुठं, हा प्रश्नच नाही. घडी करून कात्रणांच्या पिशवीत ठेवीन. एक गोष्ट घरात कोणाला सांगितलेली नाही, आत्ता कुठं मला शहाणा म्हणायला लागलेत. मशीन लावून आलो त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पाणी मागितलं आणि दचकून मागं बघितलं. तुम्ही बोललात असं वाटलं. तोच खरखरीत, जरा खाली पडणारा आवाज, मी शाळेत जात होतो तेव्हाचा, कारखान्यात यायच्या आधी ऐकलेला. मागं कोणी नव्हतं. इतकी वर्षं माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नव्हता, त्यामुळं तो कधी तुमच्यासारखा झाला हे कळलंच नाही. आत्ताही घरात कोणी नाही, आणि मी लिहिलेलं एकेक वाक्य मोठ्यानं वाचतोय. तुम्हाला ऐकवतोय असं म्हणायला बरं वाटलं असतं. खरं म्हणजे तुमचा तो आवाज मलाच ऐकायचा असतो.