सात कॉम्प्युटर बंद केले तेव्हा

आबा, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. मी आता बंगळुरात आहे. मल्लेश्वरमच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची खोली झाडतो, किल्ल्या सांभाळतो. सातवीच्या शिक्षणावर आणखी काय मिळणार? एका जागी टिकायचा माझा स्वभाव नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण इथं टिकावंसं वाटतंय.

गेल्या शनिवारी दुपारी खोलीत कोणी नव्हतं आणि सात कॉम्प्युटर नुसतेच घरघरत होते. रिकामा माग चालू ठेवला म्हणून तुम्ही एकदा कारखान्यात, सगळ्यांदेखत, माझ्या पाठीत धपाटा घातला होता. ते आठवलं आणि मी सातही बंद करून टाकले. सोमवारी या खोलीच्या मॅडम आल्या. त्या इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, मी त्यांना अक्का म्हणतो. "अय्यो, झोपवलीस की रे मशीनं! मोठं गणित चालू होतं त्यांच्यावर." त्यांनी एक मशीन चालू करून पडद्यावर बघितलं आणि हसायलाच लागल्या. "सरी, असू दे, काही बिघडलं नाही. पलीकडच्या इमारतीतल्या मशीनांनी तुझ्या सातांचं काम वाटून घेतलं. याला ग्रिड म्हणतात. वीज कुठल्या धरणाची, हे बल्ब विचारतो काय? पुढं जगभरातली मशीनं अशीच जोडली जातील. कुठलं बंद पडलं ते कळणारसुद्धा नाही."

"मग ही खोली, अक्का? किल्ल्या?"

"कशाला लागतायत? घरी बसून चालवू. जा, स्वल्प कॉफी आण."

त्या आनंदानं सांगत होत्या. मी कॉफी आणायला निघालो, किल्ल्या हातातच. तुमचा हात मागाच्या पट्ट्यात सापडला तो दिवस समोर उभा राहतो. काका तुम्हाला रिक्षात घालून फाटकाबाहेर पडतात न पडतात, तोच मालक तुमच्या चार मागांवर दुसरा माणूस उभा करतो. संध्याकाळी कापड बघितलं तर तुम्ही कुठं थांबलात ते कळत नव्हतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तुम्ही पहिलं विचारलंत, "माग?" मी म्हणालो, "बंद आहेत, आबा. तुम्ही आल्याशिवाय कोण चालवणार?" तुम्ही समाधानानं डोळे मिटलेत. नवव्या दिवशी गेलात.

हे पत्र कुठं टाकणार? घडी करून ट्रंकेत ठेवतोय. पण एक लिहायचं राहिलं. तुमच्या मागांवर उभा केलेला तो दुसरा माणूस मीच होतो, आबा. आणि त्या दिवशी माझ्या हातून एकही धागा तुटला नाही.