मुनियांचा हिरवा रंग

प्रिय आत्या,

माझ्या दर वाढदिवसाला तू मला संत तुकाराम नगरमधून दुर्गा टेकडीवर न्यायचीस, आठवतं? तुझ्या पिशवीत बाजारातून आणलेला हिरव्या मुनिया पक्ष्यांचा पिंजरा असायचा. "अलगद धर आणि दे सोडून. केवढं पुण्य!" पक्षी उडाला की माझ्या तळव्यावर हिरवा डाग उरायचा. तो त्याचा आशीर्वाद, म्हणून संध्याकाळपर्यंत तू मला हात धुऊ द्यायची नाहीस. तेवढी श्रीमंत मी पुन्हा कधी झाले नाही गं.

परवा माझ्या सलोनीला पाचवं लागलं, म्हणून मीही बाजारात गेले. मुनिया विकणारा तोच, आता पार म्हातारा झालाय. तुझी ओळख सांगितली तसा खुलला आणि गोणपाटाखालून पिंजरा काढत म्हणाला, "टेकडीवाल्या बाई व्हय! त्यांच्यासाठी आठ दिस आधी जाळं लावायचो. निम्म्या तर वाटंतच मरायच्या. उरलेल्या रंगात बुडवायच्या. साध्या तपकिरी कोण घेतंय?"

मी रिकाम्या हातांनी परतले. सलोनी दिवसभर रुसली.

तू चाकणला दादाकडे अंथरुणाला खिळलेली. आयुष्यात काय केलं विचारलं, तर सगळ्यांना त्या टेकडीचंच सांगतेस. म्हणून हे पत्र माझ्या कपाटातच राहील.

परवाच दुपारी फोनवर विचारलंस, "पोरीच्या हाताला आशीर्वाद लागला का?"

"लागला, आत्या," मी म्हणाले. "अजून हात धुऊ दिले नाहीत तिला."

तुझी,
योगिनी