पूजेला लावलेले संगणक

बाई, तुमच्या वेळी सकाळी नळाला पाणी उशिरा यायचं आणि माझी सगळी कामं एकमेकांवर चढायची. पिण्याच्या पाण्याचं पिंप भरायचं, ते भरेपर्यंत व्हरांडा झाडायचा, तुमच्या टेबलावरची काच आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसायची, कारण एकदाच पुसली तर ओघळ राहतात आणि ते तुम्हाला सगळ्यात आधी दिसतात. मग घंटा, मग परिपाठ. मुलं प्रार्थनेला उभी असताना तुम्ही कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवता आणि मी संगणक कक्ष उघडते. चपला बाहेर. आत पाच-सहा संगणक, सगळ्यांना फुलाफुलांची कव्हरं. डोक्यावर मोठं, कीबोर्डवर लांबट, माउसवर तान्ह्या बाळाच्या टोपड्याएवढं. मी एकेक कव्हर काढते, बाहेर नेऊन झटकते, काच पुसते, कव्हर परत घालते, कुलूप लावते आणि किल्ली तुम्हाला आणून देते. तेवढ्यात वर्गातली मुलं वहीत संगणकाचं चित्र काढून त्याला नावं देत असतात. ज्याचं चित्र नीट, त्याला पैकीच्या पैकी. अशी आपली रोजची साधी सकाळ होती. परवापासून ती डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

परवा नव्या मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. माणूस तरुण आहे, आवाज चढवत नाही. म्हणाले, "मावशी, बसा." मी उभीच राहिले. तुमच्यासमोर कधी बसले नाही, ती सवय खुर्चीला चिकटलेली आहे, माणूस कोणी का असेना. ते म्हणाले, "नव्या खोलीला आपल्या जुन्या मुख्याध्यापक बाईंचं नाव देतोय. भिंतीवर मोठा पडदा, प्रोजेक्टर, सगळ्या विषयांचे धडे त्याच्यावर दिसणार. उद्घाटनाला तुम्ही दोन शब्द बोला."

"कशाबद्दल, सर?"

"बाईंबद्दल हो. त्यांच्या हाताखाली तुमच्याएवढी वर्षं कोणी काढली? आणि शाळेत संगणक त्यांनीच आणले ना?"

"आणले," मी म्हणाले.

कोपऱ्यात रंगवून आणलेली पाटी टेकून ठेवली होती. तुमचं नाव, आणि खाली, 'शाळेत संगणक शिक्षणाची मुहूर्तमेढ रोवणाऱ्या'. मी ती वाचली. मुहूर्तमेढ तुम्ही रोवलीत, बाई, त्यात खोटं नाही. पण पुढे मांडव घातलेला मी पाहिला नाही, आणि मी तिथेच होते.

तुम्ही मला नोकरी दिलीत हे मी विसरलेले नाही. त्या उपकाराच्या ओझ्यानेच हे सगळं इतकी वर्षं तोंडाबाहेर पडलं नाही. माझे यजमान अंबडला कारखान्यात होते. पहिली पाळी करून घरी आले, छातीवर हात ठेवून ओट्याला टेकले आणि संपले. पदरात आठ वर्षांची मुलगी, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. तुम्ही म्हणालात, "रडणं घरी. इथे वेळेवर यायचं." मला ते बरं वाटलं. बाकी सगळे नुसते डोक्यावरून हात फिरवत होते. वाचायला मी तुमच्याच शाळेत लागले, ग्रंथालयाच्या कपाटातली धूळ झटकता झटकता. एकदा तुम्ही मला पकडलंत. मी घाबरले. तुम्ही पुस्तकाचं नाव बघितलंत आणि म्हणालात, "वाच. पण पुस्तक कपाटाबाहेर जाता कामा नये." मी ते अख्खं पुस्तक कपाटाच्या उघड्या दाराशी उभं राहून वाचलं, आणि त्यानंतरचीही तशीच. तेव्हा मला तुमचं कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, तुमचा सगळा स्वभाव त्या एका वाक्यात होता. वस्तू जपायची. ती कोणासाठी आहे हे नंतर बघू.

माझ्या मुलीचे कान लहानपणी फुटायचे. एका कानाने तिला ऐकूच येत नाही, दुसऱ्याने अर्धंमुर्धं. पहिल्या बाकावर बसवली तरी शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतात, आणि पाठमोऱ्या माणसाचे ओठ दिसत नाहीत. ती शेजारणीच्या वहीतलं उतरवून घ्यायची. अक्षर सुरेख, अर्थ काही नाही. तुम्ही तिच्या पाठीत हळूच थाप मारून म्हणायचात, "गरीब गाय आहे." ती गाय नव्हती. घरी माझं डोकं खायची. बाबांना काय झालं, हे तिने मला कितीदा विचारलं असेल. तिच्यासमोर सगळे कुजबुजत बोलले, आणि कुजबुज तिच्यापर्यंत पोचतच नाही. मीही नुसतं "देवाने नेलं" म्हणायचे, कारण मला तरी कुठे कळलं होतं.

मग ते कॉम्प्युटरचे सर आले. एकलहऱ्याच्या कॉलनीतला पोरगेला माणूस, वडील वीज केंद्रात, हा तासावर पगार घेणारा. पहिल्याच दिवशी मला कव्हरं झटकताना बघून म्हणाला, "मावशी, रोज यांना आंघोळ घालून परत झोपवताय. उठवणार कधी?" मी म्हटलं, "ते बाईंना विचारा." "विचारलं. म्हणाल्या, आधी चित्र पक्कं होऊ दे." आणि तो एवढा हसला की मलाही हसू आलं. तुमच्याकडे बरेच खेटे घालून त्याने आठवड्यातून दोनदा किल्ली मिळवली, मशीन तपासायला म्हणून. तपासताना त्याने एक सीडी लावली. विज्ञानाचे धडे, मराठीत, अक्षरं थोडी वाकडी. माझी मुलगी मला डबा द्यायला आली होती. ती दारात थांबली ती थांबलीच. पडद्यावर हृदय हलत होतं. निळं रक्त एका बाजूने आत, लाल दुसरीकडून बाहेर, आणि खाली एकेक वाक्य. वाक्य तिथेच उभं राहायचं, आपण बटण दाबेपर्यंत. कोणी पाठ फिरवत नव्हतं. तिने चप्पल काढली आणि आत जाऊन बसली. सरांनी खुर्ची सरकवून दिली, एवढंच.

त्यानंतर ते दोन दिवस ती सोडायची नाही. श्वसन, पचन, पाण्याचं बाष्प. ज्या घटक चाचणीत तिला नेहमी लाल रेघ, त्यात विज्ञानात ती पास झाली. आणि एका दुपारी, मी फरशी पुसत असताना, ती नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "आई, इकडे ये." तिने पडद्यावर बोट ठेवलं होतं. "ही नळी बंद झाली की हृदयाच्या या भागाला रक्त मिळत नाही. बाबांचं हे झालं." मी ओल्या हाताने तशीच उभी राहिले आणि ते वाचलं. माझ्या घरातल्या मरणाचा अर्थ मला माझ्या मुलीने तुमच्या कुलपाच्या खोलीत सांगितला, बाई. ती रडली नाही. तिला कळलं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा मनात म्हटलं, ही शिकेल.

आता दसरा. तुम्ही दरवर्षी करायचात तसंच पाटीपूजन. मुलं नवे कपडे घालून आलेली, पाट्यांवर एकाच्या आकड्यांची सरस्वती, आणि त्या वर्षी तुमच्या मनात आलं की पूजा संगणक कक्षात करायची. प्रत्येक संगणकाला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढे रांगोळीची सरस्वती. परिपाठाच्या वेळी तुम्ही मैदानात उभं राहून सांगितलंत, आज पूजेतल्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही. मलाही हे ठाऊक आहे. आमच्याकडेही दसऱ्याला पुस्तक पूजेत ठेवलं की त्या दिवशी उघडत नाहीत. यजमानांच्या कारखान्यात खंडेनवमीला मशीनला हार घालत, मशीन बंद, आणि ते घरी खोबऱ्याचे तुकडे आणत. पण सण झाला की पहिल्या पाळीला तीच मशीन घरघरायची. हार सुकायचे तिच्यावरच.

मुलं सोनं वाटून घरी गेली. मी मैदान झाडत होते. मुलीने मैदानातलं तुमचं बोलणं ऐकलं नव्हतं, ऐकूच शकत नव्हती. तो तिचा वार होता. खोली उघडी होती, तिने माळ अलगद बाजूला ठेवली आणि धडा लावला. तुमचा आवाज मला मैदानात ऐकू आला.

"कोणी सांगितलं तुला? पूजेतल्या वस्तूला हात लावतेस?"

मी धावत गेले. ती खुर्चीतच होती, तुमच्या ओठांकडे बघत. मी म्हटलं, "बाई, तिला ऐकू आलं नसेल."

"सगळ्या शाळेला ऐकू आलं."

"तिला नाही येत, तुम्हाला माहीत आहे."

"मग या मशीनचं बरं ऐकू येतं."

"ते बोलत नाही, बाई. लिहितं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. इतक्या वर्षांत मी तुम्हाला उलट उत्तर दिलेलं ते पहिलं. मग तुम्ही शांतपणे म्हणालात, "हे कंपनीवाल्यांकडून मी उन्हातान्हात अंबडला खेटे घालून आणलंय. एक जरी बिघडलं तरी संस्था मला विचारेल, तुला नाही. एकीला बसू दिलं तर उद्या सगळी येतील."

सगळी येतील. बाई, शाळेत सगळी यायलाच तर येतात.

दुसऱ्या दिवसापासून किल्ली सरांनाही मिळाली नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर सरच आले नाहीत, त्यांची गरज संपली असं तुम्ही सांगितलंत. माझी सकाळ मात्र तशीच राहिली, कव्हर काढ, झटक, घाल. मॉनिटरवरचं कुंकू तुम्ही पुसू दिलं नाहीत. म्हणालात, असू दे, शुभ आहे. पूजेचा तो एक दिवस तुम्ही काही वर्षं चालवलात. मुलगी नववीत नापास झाली. तुम्ही मला बोलावून म्हणालात, "तिला उगाच कशाला छळतेस? हातात काही कला दे." आणि आपल्या घरचं, तुमच्या आईचं शिलाई मशीन हातगाडीवर घालून माझ्या दारात पाठवून दिलंत. सगळी गल्ली बघत होती. अजूनही लोक मला सांगतात, बाईंचं मन किती मोठं. मोठं होतं. तुमच्या आईची आठवण तुम्ही माझ्या मुलीला देऊन टाकलीत, आणि ते वापरायला दिलंत, त्याच्यावर कव्हर घालायला सांगितलं नाहीत. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. तिने काय हाताळायचं आणि काय नाही, हे तुमचं ठरलेलं होतं. द्यायचं नव्हतंच असं असतं तर मी तुम्हाला कंजूष म्हणून मोकळी झाले असते.

तुम्ही गेलात तेव्हा मी तीन गल्ल्या चालत तुमच्या घरी आले आणि पायरीवर बसले. त्यानंतर संस्थेने खोली उघडवली. एकही संगणक सुरू झाला नाही. जो माणूस बघायला आला तो म्हणाला, "मावशी, यांना काही झालेलं नाही. ही नुसती म्हातारी झाली. वापरलेलीच नाहीत." भंगारवाल्याने कव्हरांसकट नेली.

मुलीला मी परवाची पाटी सांगितली. ती आता पंचविशीची आहे, दारावर बोर्ड आहे, बायका लांबून ब्लाउज शिवायला येतात. ती पायाने मशीन चालवतच होती. म्हणाली, "आई, पुरे कर. त्या गेल्या, वर्षं झाली." मी म्हटलं, "तुला राग येत नाही?" तिने दोरा दाताने तोडला. "येतो की. पण रागाने दहावी होत नाही." मग शिवता शिवता, मान वर न करता विचारलं, "त्या नव्या पडद्यावर खाली लिहिलेलं येतं का गं? की नुसतं बोलतात?"

मी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना विचारून आले. येतं.

उद्घाटन काल झालं. मी दोन शब्द बोलले नाही. घसा बसला म्हणून सांगितलं, खुर्च्या मांडल्या, चहा दिला. तुमच्या नावावरचा पडदा बाजूला झाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि त्या नुसत्या दाखवायला नव्हत्या. एवढं कबूल करते. तुम्ही जिवंत असता तर हे पत्र तुमच्या टेबलावर ठेवायची माझी हिंमत झाली नसती, आणि आता ठेवायला टेबल नाही. घडी करून ठेवते आहे.

आज सकाळी कामावर जाताना मी मुलीला बरोबर घेतलं. मुख्याध्यापकांना विचारलं नाही, सांगितलं, की ही रोज एक तास नववीच्या वर्गाबरोबर नव्या खोलीत बसेल आणि पुढच्या वर्षी बाहेरून दहावीला बसेल. ते काही म्हणायच्या आत मी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि घंटा द्यायला गेले.